थिओडोलाइट : मूळ न सापडलेला शब्द

थिओडोलाइट म्हणजे जमिनीच्या मोजणीत कोन मोजायचं यंत्र. नागपुरात सिव्हिलचा डिप्लोमा करणाऱ्याला हा शब्द दुसऱ्याच वर्षी पाठ होतो. सर्वसामान्य इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानावर मात्र तो क्वचितच पडतो. मराठीत ‘कोनमापक’ म्हणावं, तर कंपासपेटीतला प्लास्टिकचा अर्धगोल आठवतो. म्हणून मोजणीवाले थिओडोलाइटच म्हणतात.

लिओनार्ड डिग्ज यांचं मोजणीवरचं ‘पँटोमेट्रिया’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर मुलगा थॉमस याने १५७१ मध्ये छापलं. त्यात ‘थिओडोलिटस’ असं रूप येतं. घाट लॅटिन, पण लॅटिनमध्ये असा शब्दच नव्हता. ग्रीक ‘थिआओमाई’ म्हणजे पाहणे, असं एक मूळ सांगतात. मग ‘डोलाइट’चं काय, याचं पटणारं उत्तर मिळत नाही. दुसरं मत अरबी ‘अल-इदादा’कडे जातं. तबकडीवर फिरणाऱ्या, नेम धरायच्या पट्टीचं हे नाव, इंग्रजीत ‘अ‍ॅलिडेड’. त्याच्या आधी इंग्रजी ‘द’ (the) लागून अपभ्रंश झाला म्हणे. वस्तूशी जुळतं म्हणून हे मत बरं वाटतं, पण पुरावा नाही. कोशकार ‘मूळ अज्ञात’ लिहून मोकळे होतात. ‘थिओ’ म्हणजे देव, हा अंदाज तर सोडूनच द्यावा.

अर्थही सरकला. डिग्जचा थिओडोलिटस म्हणजे अंश कोरलेली आडवी तबकडी आणि वर फिरती पट्टी. दुर्बीण नाही, उभा कोन नाही. दोन्ही कोन मोजणाऱ्या यंत्राला त्यांनी वेगळं नाव दिलं होतं. ते मागे पडलं आणि थिओडोलाइट हे नाव त्या यंत्राला चिकटलं.

भारतात विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मापांचा पाया असलेली रेघ, मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण (त्रिकोणांच्या कोनांवरून अंतरं काढणं) सुरू केलं. त्यांचा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवलेला, वजन सुमारे अर्धा टन, आडवं वर्तुळ ३६ इंचांचं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकलं. लॅम्बटन यांनी तंबूत बसून ते ताणूनठोकून पुन्हा गोल केलं. हैदराबादहून नागपूरला येताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला ते वारले. कबर तिथेच आहे. पुढचं काम त्यांचे सहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतलं.

विद्यार्थ्यांच्या हाती येणारं व्हर्नियर यंत्र (बारीक वाचनासाठी जोडपट्टी असलेलं) कोनाच्या साधारण २० सेकंदांपर्यंत वाचतं; एका अंशात ३६०० सेकंद. एवढी चूक १ किलोमीटरवर जवळपास १० सेंटिमीटर होते. पण खरा घोटाळा बहुधा जमिनीतल्या खुंटीवर होतो, जिच्या बरोबर वर यंत्र लावायचं असतं. यंत्राखाली लोंबणारा ओळंबा खुंटीपासून १ सेंटिमीटर सरकला आणि समोरचा, नेम धरायचा रॉड ५० मीटरवर असला, तर कोन ४१ सेकंदांपर्यंत चुकतो. १ किलोमीटरवर तीच चूक फक्त २ सेकंद. म्हणजे अंतर जवळचं तेव्हा सेंटरिंग, म्हणजे यंत्र खुंटीच्या बरोबर वर आणणं, जास्त जपायचं. दुर्बीण उलटवून दोन्ही बाजूंनी घेतलेल्या वाचनांची, म्हणजे फेस लेफ्ट आणि फेस राइटची, सरासरी घेतली की दुर्बिणीच्या नेमातला दोष जातो. यंत्र समतल आहे का हे दाखवणारा बुडबुडा मध्ये नसल्याचा दोष मात्र जात नाही. त्यात मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी जमिनीलगतची हवा लहरते, रॉड नाचतो, मग वाचन सकाळी लवकरच उरकावं लागतं. एव्हरेस्टही लांबचे नेम रात्री, दिव्यांवर धरत.

आता साइटवर टोटल स्टेशन दिसतं. त्यातला कोन मोजणारा भाग म्हणजे इलेक्ट्रॉनिक थिओडोलाइटच, जोडीला अंतर मोजायची सोय. बोलताना मात्र सगळे नुसतं ‘स्टेशन लाव’ म्हणतात.