गडग्यापाशी थांबणारा पाय

बाजारातून येताना पाखाडी चढायची म्हटली की आमच्या वाडीतले एक काका ठरावीक गडग्यापाशीच टेकायचे. पोटरीत गोळा यायचा. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की दुखणं गायब, पुढे तेवढंच चढलं की पुन्हा हजर. घरात निदान झालेलं होतं: वात. तेल चोळून चोळून बाटल्या संपल्या.

दुखण्याच्या या वक्तशीरपणाकडे मात्र कुणी पाहिलं नाही. मणक्यात नस दबली असेल तर बहुधा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. इथे नुसतं उभं राहून भागतं, कारण पायाची धमनी चरबीच्या थरांनी आतून अरुंद झालेली असते. सपाटीवर रक्त कसंबसं पुरतं. चढावर स्नायूची मागणी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो.

तपासणी अगदी साधी, सुईसुद्धा टोचत नाहीत. घोट्याजवळचा वरचा रक्तदाब डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) मोजायचा आणि दंडावरच्या दाबाने भागायचा. उत्तर 0.90 किंवा त्याहून कमी आलं की धमनीत अडथळा आहे असं धरतात. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा 1.40 च्याही वर जातो. तो चांगला समजू नये. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब पाहतात.

उपचारात सगळ्यात आधी विडी सुटली पाहिजे. आणि मिश्रीसुद्धा! ‘ती काय, दातांना लावायची’ म्हणून तिला तंबाखूत कुणी धरतच नाही. मग स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी, कारण पायाची धमनी अरुंद झाली तर हृदयाची आणि मेंदूचीही झालेली असू शकते. शिवाय चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून तीनदा, 30 ते 45 मिनिटं, निदान 12 आठवडे. एवढ्यावर भागलं नाही तर धमनी आतून रुंद करणारा फुगा, ती उघडी ठेवणारी जाळीची नळी (स्टेंट) किंवा बायपास. अशी धमनी आतून रुंद करणं म्हणजे अँजिओप्लास्टी. ती हृदयाचीच असते असं आपल्याला वाटतं, पण पहिली झाली ती पायाचीच. 1964 साली अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या 82 वर्षांच्या बाईंवर केली. त्यांचा पाय वाचला.

रात्री पाऊल ठणकून खाटेखाली सोडावंसं वाटणं, करवंदीच्या काट्याची जखम आठवडे न भरणं, बोट काळं पडणं, ही पुढची पायरी. गार पाऊल चुलीपाशी शेकू नये. मधुमेहात भाजलेलं कळत नाही. आणि पाय अचानक पांढरा, थंड, बधिर पडला तर सकाळच्या एसटीची वाट न पाहता रात्रीच गाडी काढावी. हाताशी सहा-एक तासच असतात.