गव्यांच्या रानात चरणारी गुरं : बिल्ला, लस आणि रोगाची खबर

भात कापून झालं की कोकणात गुरं मोकळी सुटतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्याच सड्यावर आणि त्याच पाणवठ्यावर गवेही उतरतात. लाळ्या खुरकूत हा तोंडाखुरांचा साथीचा रोग गुरांकडून गव्यांकडे जातो, उलटाही येऊ शकतो. 1968 मध्ये बांदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने गव्यांचे कळप साफ झाले होते. रानातल्या गव्याला धरून लस टोचणार कोण? जे करायचं ते गोठ्यातच.

लसीकरणाला उत्पन्नाची किंवा सातबाऱ्याची अट नाही. एकच म्हैस असली तरी चालतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधार कार्ड आणि चालू मोबाइल नंबर घेऊन जा, जनावराचं अंदाजे वय सांगा. नोंद झाली की कानात 12 अंकी बिल्ला बसतो. याला कंटाळा करू नका. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. उद्या बिबट्याने गाय मारली तर बिल्ला नसल्यास भरपाईही नाही. जनावर विकत घेतलंत तर नोंदीवरचं मालकाचं नाव लगेच बदलून घ्या, हे हमखास राहून जातं.

लाळ्या खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी, मोफत. दोन दिवस दूध थोडं कमी येईल म्हणून ती चुकवणारे वाडीवाडीत आहेत. रोग आला की मग दूधही जातं आणि नांगराचा बैलही बसतो. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त मादी वासरांना, 4 ते 8 महिन्यांच्या वयात, एकदाच. घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस पावसाआधी घ्यावी.

रायगडातल्या फणसाडसारख्या अभयारण्यालगत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे लस न दिलेलं जनावर अभयारण्यात चरायला नेता येत नाही. हद्दीपासून 5 किलोमीटरच्या आतल्या गुरांच्या लसीकरणाची व्यवस्था करणं वन्यजीव विभागाचं काम आहे. शिबिर झालं नसेल तर ग्रामपंचायतीमार्फत लेखी मागणी करा.

तोंडातून लाळ, खुरात जखमा, अंगावर गाठी दिसल्या की जनावर वेगळं बांधा, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा. मग ग्रामपंचायतीला कळवा. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याने ही खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. साध्या कागदावर अर्ज पुरतो: नाव, वाडी, बिल्ल्याचा नंबर, लक्षणं कधीपासून, गुरं कुठे चरली. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. डॉक्टर हवा असेल तर 1962 वर फोन करा.

वनविभागाची भरपाई हल्ल्यासाठी असते, रोगाने दगावलेल्या गुरासाठी नाही. रानात गवा किंवा माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, गुरं तिथून हाकला आणि 1926 वर वनविभागाला कळवा. माकडाच्या बाबतीत आरोग्य केंद्रालाही सांगा. सिंधुदुर्गात माकडतापाने, म्हणजे गोचिडीतून माकडांना आणि माणसांना होणाऱ्या तापाने, माणसं गेली आहेत.