नायट्रो बग्गीच्या पोटात तीन डिफ कसे आले

१/८ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश आकाराची, रिमोटवर चालणारी आणि इंधनावर धावणारी कोणतीही नायट्रो बग्गी उघडा. कंपनी कुठलीही असो, वरची बॉडी काढली की आतली मांडणी जवळजवळ तीच दिसते. अॅल्युमिनियमची चासी प्लेट, तिच्या बरोबर मध्यावर दात असलेले मोठे स्पर गिअर, त्यातून पुढे आणि मागे गेलेल्या दोन दांड्या, एका बाजूला इंजिन आणि इंधनाची टाकी, दुसऱ्या बाजूला रिमोटचे संदेश घेणारा रिसिव्हर आणि त्यांप्रमाणे दांडे हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्हो. इतक्या स्पर्धक कंपन्या आणि मांडणी एकच, याचे कारण नक्कल एवढेच नाही. हे इंजिन मुळात गाडीसाठी जन्मलेच नव्हते, तिथून सगळे सुरू होते.

१९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. त्याआधी मॉडेल विमानांच्या इंजिनाला ठिणगीसाठी कॉइल आणि बॅटरी वाहून न्यावी लागे. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे छोटेसे वेटोळे असते. सुरू करताना ते बॅटरीने लाल करायचे. एकदा इंजिन चालू झाले की मेथॅनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातल्या उत्प्रेरक क्रियेमुळे ते स्वतःच तापलेले राहते आणि बॅटरी बाजूला ठेवता येते. मेथॅनॉलमध्ये वंगणाचे तेल मिसळायचे, आणि जोर हवा असेल तर नायट्रोमिथेन. नायट्रोमिथेन स्वतःचा ऑक्सिजन घेऊनच येते, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळते. आजच्या नायट्रो गाडीचे नाव या घटकावरून पडले, पण बाटलीत मुख्य भाग अजूनही मेथॅनॉलचाच असतो.

विमानात या इंजिनाच्या टोकाला पंखा असे. पंखा विमान ओढायचा, फ्लायव्हीलचे काम करायचा आणि इंजिनावर वारा घालून ते थंडही ठेवायचा. तोच जीव गाडीत बसवायचा म्हटल्यावर ही तिन्ही कामे उघड्यावर पडली. म्हणून इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर फिरण्याचा झोत टिकवणारे वजनदार चाक, म्हणजे फ्लायव्हील आले, डोक्यावर पापुद्र्यांसारख्या चकत्यांचे मोठे कूलिंग हेड आले, आणि तिसरी अडचण क्लचने सोडवली. हे इंजिन थांबवून पुन्हा सुरू करणे शर्यतीत परवडत नाही, त्यामुळे गाडी उभी असतानाही ते फिरत राहिले पाहिजे. क्लच म्हणजे फ्लायव्हीलवरचे तीन किंवा चार घर्षणाचे तुकडे (शू), ते स्प्रिंगने आत धरलेले असतात. फेरे वाढले की ते बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या दातेरी वाटीला (क्लच बेल) घट्ट धरतात आणि गाडी सुटते. उलटे फिरण्याची सोय मात्र नाही. बग्गी कुंपणात नाक खुपसून अडकली की मार्शलने (ट्रॅकवरच्या मदतनिसाने) धावत जाऊन उचलायची, हा रिवाज तेव्हापासून आहे.

आधी या गाड्या गुळगुळीत ट्रॅकवर धावत. १९८० च्या आसपास मातीतल्या शर्यतींनी जोर धरला आणि १९८६ मध्ये १/८ ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा फ्रान्समध्ये झाली. सुरुवातीच्या बग्ग्यांत फक्त मागच्या चाकांना जोर मिळे. खड्डे आणि उड्या आल्या तसा चारही चाकांचा आग्रह वाढला, आणि तो पुरवायला आधी साखळ्या नि पट्टे वापरून झाले. मातीत त्यांची दशा व्हायची तीच झाली: साखळी ताणली जाई, पट्ट्यात खडे अडकत. शिवाय साखळी-पट्ट्यासाठी इंजिन आडवे बसवावे लागे. फिरत्या दांड्यांनी जोर पोचवायचा मार्ग स्वीकारल्यावर इंजिन गाडीच्या लांबीला समांतर झाले. क्लच बेल थेट मधल्या स्पर गिअरला भिडली, आणि जोराला काटकोनात वळण घ्यावे लागले ते फक्त पुढच्या आणि मागच्या टोकाच्या दातेरी चकत्यांवर, म्हणजे क्राउन गिअरवर. गणितही सोपे होते. बेलला १३ दात, स्परला ४६, टोकाला १० आणि ४३ अशी नेहमीची जोडी धरली, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन साधारण १५ फेरे घेते. गिअरबॉक्स नाही, वेगांचे टप्पे नाहीत.

पण माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वात हुशार गोष्ट म्हणजे त्या स्पर गिअरच्या आत दडलेला मधला डिफ. डिफ म्हणजे डिफरन्शियल, दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. पुढचा आणि मागचा डिफ वळणावर आतल्या-बाहेरच्या चाकांचा हिशेब सांभाळतात, ते कुठल्याही मोटारीत असतेच. मधला डिफ पुढचा भाग आणि मागचा भाग यांच्यात वाटणी करतो, आणि ही वाटणी ठरते आत भरलेल्या सिलिकॉन तेलाच्या घट्टपणावर. तेल पातळ असेल तर वेग घेताना हलकी झालेली पुढची चाकेच भिरभिरतात आणि जोर वाया जातो. घट्ट तेल जोर मागे टिकवते, मात्र खडबडीत जागी गाडी हट्टी होते. ‘पाच-सात-तीन’ असे कोणी पिटमध्ये (शर्यतीत गाडीची देखभाल करायच्या, इंधन भरायच्या जागी) म्हणाले, तर समजायचे की पुढे ५०००, मध्ये ७००० आणि मागे ३००० घनतेचे तेल आहे. (घनता म्हणतात सगळे, खरे तर तो प्रवाहाला होणारा विरोध आहे.)

या डिफमुळे ब्रेकही सुधारले. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डिस्क बसते, म्हणजे पुढचा आणि मागचा ब्रेक स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो. दोन्ही टोके एकमेकांना जखडलेली असती तर ते जमले नसते. एकच सर्व्हो एका दिशेला कार्ब्युरेटर उघडतो, दुसऱ्या दिशेला दोन्ही डिस्क आवळतो. हवेत उडालेल्या बग्गीसाठी रिमोटच्या ट्रिगरवरचे बोटच सुकाणू ठरते: थ्रॉटल दिला की चाके वेगाने फिरून नाक वर उचलते, ब्रेक दाबला की खाली झुकते.

पुढे नियमांनी चौकट आणखी पक्की केली. इंजिन ३.५ सीसी, टाकी १२५ सीसी. टाकी एवढीशी असल्यामुळे लांब फायनलमध्ये दर काही मिनिटांनी पिटमध्ये यावेच लागते, म्हणून टाकीचे झाकण एका बोटाने उघडेल अशा जागी असते. चासीच्या तळाला फ्लायव्हीलखाली खाच असते, ती इंजिन सुरू करून देणाऱ्या पेटीच्या, म्हणजे स्टार्टर बॉक्सच्या, चाकासाठी. क्योशो कंपनीची इन्फर्नो आणि मुगेन कंपनीची एमबीएक्स या बग्ग्यांच्या मालिका वर्षानुवर्षे याच आराखड्यावर घासूनपुसून तयार झाल्या. २००८ ची जागतिक स्पर्धा अत्सुशी हारा यांनी हॉट बॉडीज कंपनीच्या डी८ बग्गीवर जिंकली, त्या गाडीचा सांगाडाही याच कुळातला.

ब्रशलेस मोटर आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, म्हणजे ताकदवान विजेच्या मोटरी आणि हलक्या बॅटऱ्या आल्यावर चित्र बदलायला हवे होते. युरोपीय संघात तर २०२१ पासून १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेले इंधन सर्वसामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय मिळत नाही. विजेच्या मोटरला क्लच नको, टाकी नको, ती उलटीही फिरते आणि ब्रेकही स्वतःच लावते. तरी १/८ ची विजेवरची बग्गी उघडली की क्लच गेलेला, डिस्क गेलेल्या, आणि मोटरचे छोटे दातेरी चाक (पिनियन) पुन्हा त्याच मधल्या डिफच्या स्पर गिअरला भिडलेले.