पॅराफिनपासून ‘सॅल्मन डीएनए’पर्यंत: चेहऱ्याच्या त्वचेसाठीच्या पुनरुज्जीवक इंजेक्शनांची पार्श्वभूमी

सोलापुरात सात रस्ता, होटगी रस्ता, जुळे सोलापूर या भागांतील त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत गेल्या काही वर्षांत पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेटनी दाट केलेला द्रव), स्किन बूस्टर (त्वचेचा पोत सुधारण्यासाठीचे पातळ इंजेक्शन), पॉलिन्यूक्लिओटाइड (डीएनएच्या तुकड्यांचे इंजेक्शन), ‘सॅल्मन डीएनए’ अशी नावे ऐकू येऊ लागली आहेत. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडून या शहरात उपचारासाठी येणारा रुग्ण पूर्वी गजकर्ण, कोड, फार तर केसगळतीसाठी त्वचेच्या डॉक्टरांची पायरी चढत असे. आता तुळशीचे लग्न उरकून लग्नसराई तोंडावर आली, की वधूबरोबर वधूची आईही डोळ्यांखालच्या खोलगटपणाची आणि सुरकुत्यांची चौकशी करते. जाहिराती वाचल्या तर ही इंजेक्शने कालपरवाच शोधली गेली असावीत असे वाटते. प्रत्यक्षात यांतील जवळजवळ एकही पदार्थ मुळात वार्धक्याच्या सुरकुत्यांसाठी जन्मलेला नाही. कोणी जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेतून आले, कोणी मोतीबिंदूच्या, कोणी एड्सच्या रुग्णांकडून, तर कोणी न भरणाऱ्या जखमांकडून. बाहेरून घातलेल्या पदार्थाला शरीर जी प्रतिक्रिया देते, ती जवळपास शतकभर या उपचारांतला दोष मानली गेली. पुढे तीच प्रतिक्रिया मापात धरून तिलाच उपचाराचे उद्दिष्ट करण्यात आले. आजच्या इंजेक्शनांचे गुण आणि धोके दोन्ही या वळणातून समजतात.

१८९३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक नॉयबर यांनी एका रुग्णाच्या दंडातील चरबीचे छोटे तुकडे काढून चेहऱ्यावरील खोल गेलेल्या व्रणाखाली बसवले. हा व्रण डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेला होता, म्हणजे आज ज्या जागेसाठी एवढा खटाटोप चालतो त्याच ठिकाणी. बदामाएवढे छोटे तुकडे टिकतात आणि मोठे जिरून जातात, हे त्यांचे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही. त्यानंतर काही वर्षांतच, १८९९ च्या सुमारास, व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्झुनी यांनी पॅराफिन वितळवून त्वचेखाली टोचण्याचा मार्ग काढला. तो झपाट्याने पसरला, कारण कापाकापी न करता नाक उंच करता येत होते आणि सुरकुत्या भरता येत होत्या. पुढे पॅराफिन जागेवरून सरकू लागले, भोवती कठीण गाठी धरू लागल्या, त्वचा फुटू लागली, आणि हा उपचार बदनाम होऊन मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यावर द्रवरूप सिलिकॉनने हाच धडा दुसऱ्यांदा दिला. या दोन अनुभवांनंतर पदार्थ कसा असावा याची कसोटी ठरली: शरीराने त्याची दखलच घेता कामा नये.

या कसोटीला उतरणारा पहिला पदार्थ म्हणून गायीच्या कातडीतून शुद्ध केलेल्या कोलॅजनकडे (त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाकडे) पाहिले गेले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. मात्र सुमारे तीन टक्के लोकांना त्याची ॲलर्जी येत असल्याने आधी हातावर चाचणी करून काही आठवडे वाट पाहावी लागे, आणि एवढे करूनही परिणाम काही महिन्यांत ओसरे. त्याची जागा घेणारे हायलुरॉनिक ॲसिड तोवर वेगळ्याच क्षेत्रात स्थिरावले होते. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गायीच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून ते वेगळे केले होते; पुढे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलेले हायलुरॉनिक ॲसिड मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले जाऊ लागले. जिवाणूंकडून तयार करवून घेतलेले आणि रासायनिक बंधांनी घट्ट केलेले त्याचे जेल १९९६ मध्ये युरोपात फिलर म्हणून आले, तर अमेरिकेत २००३ च्या अखेरीस मान्य झाले.

हा पदार्थ केवळ जागा भरतो, अशीच सर्वांची समजूत होती. २००७ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी वय झालेल्या स्वयंसेवकांच्या हातावरच्या, उन्हाने खराब झालेल्या त्वचेत हे जेल टोचले आणि नंतर त्या त्वचेचे नमुने तपासले. जेलच्या आसपासच्या तंतुपेशी ताणल्या गेल्या होत्या आणि नवे कोलॅजन तयार करत होत्या. म्हाताऱ्या त्वचेत कोलॅजनची जाळी तुटल्यामुळे या पेशींना ओढून धरणारे काही उरत नाही आणि त्या आळसावतात; जेलने तो ताण परत दिला, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९९६ मध्ये याच विद्यापीठाच्या गटाने अतिनील किरणांमुळे कोलॅजन तोडणारी विकरे (एन्झाइम) त्वचेत कशी वाढतात हे दाखवले होते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर टिकून राहणाऱ्या आपल्या शहराला त्या संशोधनाचा संबंध निराळा सांगायला नको. इंजेक्शनावर हजारो रुपये घालवणारी मंडळी भर दुपारी दुचाकीवर उघड्या चेहऱ्याने फिरताना दिसतात, तेव्हा डॉक्टरही काय करणार!

शरीराच्या प्रतिक्रियेचा मुद्दाम उपयोग करणारा पदार्थ एड्सच्या साथीने पुढे आणला. एचआयव्हीवरील त्या काळच्या औषधांमुळे रुग्णांच्या गालांतील चरबी वितळून जाई आणि खप्पड चेहऱ्यावरून आजार जगजाहीर होई. विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यांमुळे शल्यचिकित्सेला पॉलिलॅक्टिक ॲसिडच्या कुळाची ओळख होतीच. त्याचे सूक्ष्म कण १९९९ मध्ये युरोपात बाजारात आले आणि २००४ मध्ये अमेरिकेत या रुग्णांसाठी मान्य झाले. निव्वळ सौंदर्यासाठीची अमेरिकी मान्यता २००९ ची आहे. कण हळूहळू विरघळत असताना शरीर त्यांच्याभोवती कोलॅजनचे आवरण घालते, म्हणजे पॅराफिनच्या वेळी जे बेफाम घडत होते तेच येथे आटोक्यात ठेवले जाते. सुरुवातीला भुकटी कमी पाण्यात कालवली जाई, त्यामुळे गाठी येत. पाणी वाढवले, भुकटी अधिक वेळ भिजू दिली आणि इंजेक्शन अधिक खोलवर दिले, तेव्हा तक्रारी कमी झाल्या. २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट याच जातीचे आहे.

सोलापूरकरांना मात्र या सर्वांआधी पीआरपी माहीत झाले, तेही बहुधा केसगळतीमुळे किंवा गुडघेदुखीमुळे. डेंग्यूच्या साथींनी ‘प्लेटलेट’ हा शब्द तर घरोघरी नेऊन ठेवला आहे. रक्तस्राव थांबवणाऱ्या या कणांत जखम भरून आणणारी प्रथिनेही असतात, हे १९७० च्या दशकात कळले. १९८७ मध्ये इटलीत हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे स्वतःचे प्लेटलेटयुक्त रक्तद्रव त्यालाच परत देण्यात आले, आणि १९९८ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्यात हाड बसवताना ते वापरून हाड लवकर धरते असे नोंदवले. तेथून ते दंतवैद्यक, अस्थिरोग आणि शेवटी त्वचारोग असा प्रवास करत आले. भारतात पीआरपी कसे तयार करावे याची तपशीलवार चर्चा करणारा, पुढे खूप उद्धृत झालेला लेख २०१४ मध्ये मुंबईतील त्वचारोगतज्ज्ञांनीच लिहिला.

ही कृती पाहण्यासारखी असते. कोपराच्या शिरेतून १० ते २० मिलिलिटर रक्त काढून सायट्रेट (रक्त गोठू न देणारा पदार्थ) घातलेल्या नळीत घेतात आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. बाहेर काढल्यावर तळाशी तांबड्या पेशी बसलेल्या असतात, वर पिवळसर रक्तद्रव असतो आणि दोहोंच्या सीमेवर कागदाएवढा पातळ पांढुरका पट्टा दिसतो. प्लेटलेट या पट्ट्यालगत दाटलेल्या असल्यामुळे वरचा निवळ द्रव बाजूला काढून खालचा भाग हलक्या हाताने ओढून घ्यावा लागतो; अनेक ठिकाणी तो दुसऱ्यांदा फिरवतात. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दीड ते चार लाख प्लेटलेट असतात, तर उपयुक्त पीआरपीत त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात असा मार्क्स यांचा निकष होता. किती वेग, किती वेळ, कोणती नळी यांवर हा आकडा बदलतो. त्यामुळे एका दवाखान्यातले पीआरपी आणि दुसऱ्यातले पीआरपी एकच औषध आहे असे म्हणता येत नाही, आणि अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी न जुळण्यामागेही हे एक मोठे कारण आहे.

‘सॅल्मन डीएनए’ ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात, पण मासा आणि डीएनए यांचे नाते डीएनएच्या शोधाइतकेच जुने आहे. फ्रिडरिख मीशर यांनी १८६९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे, रुग्णालयातून आणलेल्या पट्ट्यांवरील पुवातून पेशीकेंद्रातला एक नवा पदार्थ वेगळा केला आणि पुढे बाझलला परतल्यावर ऱ्हाईन नदीतील सॅल्मनच्या शुक्रावर अभ्यास चालू ठेवला, कारण शुक्रपेशीत केंद्राखेरीज फारसे काही नसते. मत्स्यशुक्रातून शुद्ध केलेले डीएनएचे तुकडे पुढे इटलीत जखमांसाठी वापरात आले; मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमांवर त्यांची चाचणीही तेथे झाली. त्यांचे विघटन होताना पेशींवरील ॲडिनोसिन ग्राहक (रासायनिक संदेश टिपणारी प्रथिने) उद्दीपित होतात, सूज कमी होते आणि नव्या केशवाहिन्या फुटतात, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. दक्षिण कोरियात २०१४ च्या सुमारास याच कुळातील लांब साखळ्यांचे जेल चेहऱ्यासाठी बाजारात आले आणि कोरियन सौंदर्यप्रसाधनांच्या लाटेवर स्वार होऊन जगभर गेले. त्याच सुमारास युरोपात, उष्णतेने स्थिर केलेले आणि रासायनिक बंधांविना बनवलेले हायलुरॉनिक ॲसिडही आले, ज्याचा हेतू गाल भरणे हा नसून त्वचेचा पोत सुधारणे हा आहे.

पातळ इंजेक्शनांची ही दुसरी लाट डोळ्यांखाली येऊन ठेपण्याचे कारण फिलरांच्या पहिल्या लाटेच्या अपयशात आहे. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते आणि तिच्याखाली चरबी नगण्य असते. तेथे घट्ट फिलर उथळ बसला तर प्रकाश विखुरल्याने त्वचा निळसर दिसते. फिलर पाणी धरून ठेवत असल्याने सकाळी डोळे सुजल्यासारखे वाटतात. पॉलिलॅक्टिक ॲसिड आणि कॅल्शियमचे कण तर तेथे टाळलेच जातात, कारण त्यांची गाठ लपत नाही आणि हायलुरॉनिक ॲसिडप्रमाणे ती विकर टोचून विरघळवताही येत नाही. शिवाय फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरला आणि डोळ्याकडे जाणाऱ्या धमनीपर्यंत पोहोचला तर दृष्टी जाऊ शकते. अशा जागी आकारमान न वाढवता त्वचा थोडी जाड आणि ताजी करणारे पातळ इंजेक्शन डॉक्टरांना हवेहवेसे वाटले, यात नवल नाही. मात्र आपल्याकडच्या काळ्या वर्तुळांत रंगद्रव्याचा वाटा मोठा असतो, कित्येकांत ती आनुवंशिक असतात, काहींत ॲलर्जीमुळे डोळे चोळण्याच्या सवयीने वाढतात. रंगद्रव्याच्या काळेपणावर यांतील कोणतेही इंजेक्शन हा थेट इलाज नाही, आणि पापणीखालची चरबी पुढे येऊन झालेली पिशवीही सुईने मागे जात नाही. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तीनेक बैठका घेतल्यावर बारीक सुरकुत्या आणि कोरडेपणा यांत मध्यम सुधारणा, एवढीच अपेक्षा आजच्या पुराव्यावर धरता येते.

बाजारात येण्याचा क्रम आणि पुराव्याचा क्रम एक नाही, हे एक्सोसोमच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसते. पेशींनी बाहेर टाकलेल्या या सूक्ष्म पुटिकांबद्दल प्रयोगशाळेतील आशा खरी आहे. पण डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, मान्यता नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर अपाय झाल्याचे सांगून जाहीर इशारा दिला होता. साध्या पीआरपीतही हलगर्जी महागात पडते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका केंद्रात रक्ताच्या या ‘फेशियल’मधून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये, सौंदर्यविषयक प्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच कराव्यात असे म्हटले आहे. त्यामुळे ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत मिळणारे स्वस्त ‘सॅल्मन’ या चौकटीत बसत नाही. दवाखान्यात गेल्यावर सुई आणि नळी आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली जाते का, नळीवर आपले नाव लिहिले जाते का, औषधाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का, आणि ते औषध डोळ्यांखाली टोचण्यासाठी म्हणून आलेले आहे की केवळ त्वचेवर लावण्यासाठी, एवढे तरी भूल देणारे मलम चेहऱ्यावर लागण्याआधी विचारून घ्यावे.