पोलो गेली, आता तिच्या जागी काय?

फोक्सवॅगन पोलो या हॅचबॅकचं उत्पादन चाकणच्या कारखान्यात डिसेंबर २००९ मध्ये सुरू झालं. एप्रिल २०२२ मध्ये ७०० ‘लेजंड एडिशन’ गाड्या काढून कंपनीने तिला निरोप दिला. मधल्या बारा वर्षांत इंजिनं बदलत गेली, सांगाडा मात्र तोच राहिला. पुढची पिढी इथे का आली नाही, हे मोजपट्टी लावली की कळतं.

२००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. एवढ्यात बसणाऱ्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. जीएसटीतही हीच रेघ टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के. भारतातली पोलो ३९७१ मिलिमीटर लांब, म्हणजे आत. परदेशात २०१७ मध्ये आलेली सहावी पिढी ४०५३ मिलिमीटरची. ५३ मिलिमीटरसाठी मोठ्या गाडीचा कर भरून हॅचबॅक कोण घेणार?

पर्याय शोधताना आधी आपली पोलो कोणत्या इंजिनाची होती ते पाहायला हवं, कारण बोनेटखाली त्या वेगवेगळ्या गाड्याच होत्या. १.२ आणि नंतरचं १.० लिटर साधं पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचं, ७५ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) आसपासचं आणि खरं सांगायचं तर आळशी. ती पोलो सोडून स्विफ्ट किंवा बलेनो घेणाऱ्याला इंजिनाची उणीव भासणार नाही. भासलीच तर दार बंद करतानाच्या त्या जड आवाजाची.

२०१३ च्या जीटी टीएसआय या पेट्रोल पोलोमध्ये १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. त्याच्या सर्वांत जवळची हॅचबॅक म्हणजे ह्युंदाई आय२० एन लाइन: १.० टर्बो, १२० पीएस, १७२ एनएम (न्यूटन-मीटर, म्हणजे इंजिनाचा जोर), सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सात गिअरचा डीसीटी, म्हणजे डीएसजीसारखाच दोन क्लचचा.

२०२० मध्ये बीएस६ प्रदूषण नियम आल्यावर डिझेल आणि डीएसजी दोन्ही गेले आणि १.० टीएसआय आलं, ११० पीएस व १७५ एनएमचं. याच घराण्यातलं इंजिन आज स्कोडा काइलाक या छोट्या एसयूव्हीमध्ये आहे: ११५ पीएस, १७८ एनएम, लांबी ३९९५ मिलिमीटर, कारखाना तोच चाकणचा. वंशावळीने पाहिलं तर पोलोची खरी वारस हीच. फक्त ती पोलोपेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर उंच आहे. डिकी ४४६ लिटरची मिळते, पण घाटातल्या वळणावर जमिनीला चिकटून बसल्यासारखं वाटत नाही. ती बसकी ठेवण हवी असेल तर फोक्सवॅगनचीच व्हर्टस सेडान आहे. पण ती साडेचार मीटरहून लांब, म्हणजे ४० टक्क्यांच्या गटात.

डिझेलवाल्यांची निवड सोपी आहे, कारण निवडायला फारसं काही उरलंच नाही. २०१४ पासूनच्या पोलोतल्या १.५ टीडीआय डिझेलचा जोर (९० पीएस, २३० एनएम) ज्यांना सवयीचा आहे, त्यांच्यासाठी हॅचबॅकमध्ये टाटा अल्ट्रोझ उरते. १.५ लिटर, ९० पीएस, २०० एनएम. २०२५ च्या नव्या रूपातही कंपनीने हे इंजिन ठेवलं आहे.

जुनीच पोलो शोधत असाल, तर डीएसजीची गाडी गर्दीत अर्धा तास चालवून पाहा. तो डीक्यू२०० जातीचा, कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स. थांबत-सरकत चालताना क्लच तापतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसत असतील तर क्लच किंवा मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा भाग) यांपैकी काहीतरी खर्च मागणार. मोकळ्या रस्त्यावरच्या दहा मिनिटांच्या फेरीत हे कळत नाही. टीडीआयमध्ये टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. एअरबॅगही तपासा: २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य आणि दोन एअरबॅगवालीला चार तारे मिळाले होते. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत एअरबॅग नाहीत. शिवाय २०१० च्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५ मध्ये संपली आहे. अशी गाडी घेताना फिटनेस, पर्यावरण कर आणि पाच वर्षांच्या नूतनीकरणाचा खर्च किमतीतून आधीच वजा करा.