जित्या वजनाचा काटा: गोव्यापुरती पार्श्वभूमी

पोर्तुगालने दशमान पद्धत १८५२ सालीच स्वीकारली होती. भारताने वजनमापांचा कायदा १९५६ साली केला आणि मुक्तीनंतर इथेही भारताचेच कायदे लागू झाले. गुरांच्या व्यवहाराला मात्र किलोचं फारसं सोयरसुतक नव्हतं. बैलाचे दात बघायचे, बोकडाच्या कण्यावर बोटं दाबून मांस चाचपायचं आणि उक्ता भाव ठरवायचा. डोळे हाच काटा.

किलोच्या भावाने जितं जनावर घेण्याची सवय लावली ती ब्रॉयलर कोंबडीने. मग बोकडही तसाच विकला जाऊ लागला. पाय बांधून ताणकाट्याला लटकवला की तो धडपडणार, काटा नाचणार, आणि नाचता नाचता कुठला आकडा धरायचा हे विकणारा ठरवणार! आजचे इलेक्ट्रॉनिक काटे काही सेकंदांच्या वाचनांची सरासरी काढून आकडा स्थिर करतात, त्यामुळे ही पळवाट बरीच बुजली.

तपासणीची चौकट १९७६ च्या कायद्याने घट्ट केली. त्याची जागा घेणारा वैधमापन कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०११ पासून. व्यापारातला इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी पडताळून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. निरीक्षक प्रमाणित वजनं मधोमध ठेवतो, तशीच एकेका कोपऱ्यावरही. जनावर काही मधोमध उभं राहत नाही, म्हणून ही कोपऱ्यांची चाचणी इथे फार मोलाची. चार कोपऱ्यांखालच्या सेन्सरांपैकी एकाखाली शेण-चिखल अडकला, तरी आकडा चुकतो. आपल्या पावसाळ्यात हे रोजचंच. काटा धुवून, रिकामा शून्यावर येतो का ते बघूनच बोकड चढवावा.

५० ग्रॅमची घरं असलेल्या काट्यावर ३० किलोच्या बोकडामागे पडताळणीच्या वेळी ५० ग्रॅम इकडेतिकडे चालतं, वापरात १०० ग्रॅम. आता विक्रीआधी मीठ चारून दोन लिटर पाणी पाजलं, तर वजन थेट दोन किलोंनी वाढतं. काटा निर्दोष, गिऱ्हाईक लुबाडलेलं. माझ्या मते खरं भांडण इथेच आहे, आणि शिक्क्याने ते सुटत नाही. चारा-पाणी किती तास आधी बंद करायचं, हे सौद्यातच बोलून घ्यावं लागतं.

काटाच नसेल तिथे गुरांचे डॉक्टर औषधाच्या मात्रेसाठी टेप काढतात: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले लांबी, दोन्ही इंचांत, भागिले ६६०, उत्तर किलोत. मात्रेला हा अंदाज चालतो, सौद्याला नाही.