कापडी कप्प्यातली गादी आणि तिच्यात मुरणारे पाणी

अमेरिका आणि कॅनडात मोटारीमागे जोडून न्यायच्या ट्रेलरांचा एक प्रकार ‘हायब्रीड’ या नावाने विकला जातो. त्याचा मधला भाग कडक भिंतींचा असतो आणि त्यात ओटा, बाथरूम, सोफा व जेवणाचे टेबल असते. मुक्कामावर पोचल्यावर मात्र पुढच्या व मागच्या टोकाच्या, कधी बाजूच्याही, भिंतीतील फळी बिजागरीवर बाहेरच्या बाजूला आडवी पाडतात, तिच्यावर कापडी तंबू ताणतात आणि त्या फळीवर सुमारे १५० सेंटिमीटर रुंद आणि २०० सेंटिमीटर लांब असा दोघांचा पलंग तयार होतो. रॉकवूड रू किंवा जेको कंपनीच्या जे फेदर मालिकेतील काही ट्रेलर ही या प्रकाराची परिचित उदाहरणे आहेत. ट्रेलर आखूड आणि ओढायला हलका राहूनही त्यात सहा ते आठ माणसे झोपू शकतात, हा त्याचा मोठा फायदा. मात्र या रचनेत पलंग घराच्या बाहेर लोंबकळत राहतो आणि पांघरुणांपासून गादीपर्यंतच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

घरातल्या पलंगाखालची हवा खोलीइतकीच उबदार असते. हायब्रीडच्या फळीखाली थेट रानातली हवा खेळते. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील यलोस्टोन सरोवराचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे ऐन जुलैतही पहाटे पारा शून्याच्या जवळ उतरू शकतो. तेव्हा गादीची वरची बाजू अंगाच्या उबेने ३० अंश सेल्सिअसच्या पुढे आणि खालची बाजू जेमतेम पाच अंशांवर, अशी स्थिती दहा सेंटिमीटर जाडीच्या फोममध्ये निर्माण होते. त्यातच कंबर आणि खांदे जिथे टेकतात तिथे फोम दबून अर्ध्याहूनही कमी जाडीचा होतो. फोमची ऊब राखण्याची ताकद त्यात कोंडलेल्या स्थिर हवेत असते. हवा दाबून बाहेर काढली की ती ताकदही जाते. म्हणून वरून आणखी एक रजई घेऊन पाठीला लागणारी थंडी थांबत नाही. उपाय गादीखाली करावा लागतो आणि तिथे अडीच सेंटिमीटर जाडीचा बंद छिद्रांचा फोम, ज्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात आणि जो वजनाखाली दबत नाही, कोणत्याही महागड्या पांघरुणापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

मेमरी फोमची गादी इथे हौसेने आणली जाते. तिची एक खोड आधी माहीत असलेली बरी. हा पदार्थ १९६६ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी, विमानातील आसनांचा आघात सुसह्य व्हावा म्हणून, चार्ल्स योस्ट यांनी विकसित केला. त्याचा मऊपणा तापमानावर अवलंबून असतो. ऊब मिळाली की तो अंगाचा आकार घेतो आणि गारठ्यात लाकडासारखा ताठ होतो. अशा गादीवर रात्री अंग टाकले की पहिला अर्धा तास फळीवर झोपल्यासारखा जातो.

थंडीवर अशी मात करता येते. खरा प्रश्न पाण्याचा आहे आणि त्याचा हिशेब मांडला की तो किती मोठा आहे ते दिसते. माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून, घाम न येताही, दिवसभरात साधारण ८०० मिलीलीटर पाणी वाफेच्या रूपाने जाते. आठ तासांच्या झोपेत चार जणांच्या कुटुंबाचे मिळून ते एक लिटरच्या आसपास भरते. ट्रेलरमधील जागा ३० घनमीटर धरली आणि आतले तापमान दहा अंश असले, तर तेवढी हवा जास्तीत जास्त २८० ग्रॅम वाफ धरू शकते. उरलेले पाणी कुठे ना कुठे जाणारच. काही कापडावर दवासारखे जमते, काही खिडक्यांवर आणि उरलेले, डोळ्यांना अजिबात न दिसता, गादीच्या तळाशी. अंथरुणातील हवा ३२ अंश तापमानाची आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील वाफेचे पाणी होऊ लागते तो अंश, २० अंशांच्या आसपास असतो. ही वाफ सच्छिद्र फोममधून खाली झिरपते आणि पाच अंशांच्या फळीला भेटताच तिचे पाणी होते. सकाळी चादर कोरडी आणि गादी उचलली तर खाली ओला नकाशा, हे दृश्य त्यामुळेच दिसते.

गादीखाली घातलेला बंद छिद्रांचा फोम इथेही मदत करतो, कारण वाफेला आता गार फळी भेटत नाही. तिला त्या फोमचा वरचा, तुलनेने उबदार पृष्ठभाग भेटतो. होड्यांमध्ये झोपणारे लोक वेगळी युक्ती करतात. ते गादीखाली जाळीदार, दबणार नाही असा पातळ थर घालतात, म्हणजे तळाशी हवा खेळते आणि ओल सुकते. दोन्ही उपायांत थोडा विरोध आहे, कारण खेळती हवा ऊबही घेऊन जाते. हायब्रीडच्या उघड्या फळीवर आधी फोम आणि त्यावर जाळी, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो.

खिडक्या घट्ट बंद करून झोपणे ही थंडीत सर्वांना सुचणारी आणि हमखास अंगाशी येणारी गोष्ट आहे. बाहेर दाट धुके असले तरी पाच अंशांच्या हवेत घनमीटरमागे फार तर ६.८ ग्रॅम वाफ असते. तीच हवा आत येऊन १५ अंशांवर तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५१ टक्क्यांवर येते, म्हणजे ती ओल शोषून घ्यायला तयार असते. त्यामुळे छताची झडप बोटभर आणि कापडी खिडकीचा एक कोपरा उघडा ठेवलेला बरा. ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवणे तर दुहेरी चूक. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने जीव जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. ट्रेलरच्या मूळ हीटरचा धूर आणि वाफ नळीवाटे बाहेर जातात, म्हणून तो चालतो.

पांघरुणांची निवडही पाण्याच्या हिशेबानेच करावी. साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या आठ टक्के, लोकर सुमारे १६ टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी धरतो. चार किलोच्या सुती गोधडीत तीनशेहून अधिक ग्रॅम पाणी मुळातच असते आणि हवा दमट होईल तसे ते वाढते. कोकणात श्रावणातल्या उघडिपीची वाट पाहत गाद्या-गोधड्या माळ्यावर ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको. लोकर अधिक पाणी घेते, पण अंगाला ओली लागत नाही. पॉलिएस्टरची दुलई लवकर सुकते. पिसांची दुलई ओलसर झाली की तिचा फुगा बसतो आणि ऊब जाते, त्यामुळे कापडी कप्प्यात तिच्यावर विसंबू नये. पातळ सुती चादर आणि तिच्यावर लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे ब्लँकेट, एवढे पुरते. तीन बाजूंनी कापड असलेल्या पलंगावर चढून, गुडघ्यांवर बसूनच चादर खोचावी लागते. इलॅस्टिक शिवलेली चादर हे श्रम निम्म्यावर आणते.

सकाळी उठताच अंथरूण नीटनेटके आवरणे इथे घातक ठरते. पांघरुणे पायथ्याकडे दुमडून तासभर गादी उघडी ठेवावी, मग आवरावे. ट्रेलर मिटताना तंबूचे कापड अनेकदा थेट गादीवरच दुमडले जाते आणि कापड ओले असेल तर ते पाणी पिळून गादीतच उतरते. पावसात निघावेच लागले तर मध्ये प्लास्टिक अंथरावे आणि घरी पोचल्यावर सगळे पुन्हा उघडून वाळवावे. ओल्या वस्तू २४ ते ४८ तासांत सुकल्या तर बुरशी सहसा धरत नाही.

पांघरुणे कुठे ठेवायची, हेही कधी कधी अस्वल ठरवते. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज तळावर ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे फक्त कडक भिंतींच्या वाहनांना प्रवेश आहे. कापडी पलंग तिथे उघडता येत नाहीत. अशा परिसरात फिरायचे असेल तर पांघरुणे मिटलेल्या फळीत अडकवून न ठेवता मधल्या कपाटात ठेवावीत, म्हणजे सोफ्यावर आणि टेबल पाडून केलेल्या पलंगावर रात्र काढता येते.

हिवाळ्यात ट्रेलर मिटून ठेवण्यापूर्वी सगळी पांघरुणे घरात न्यावीत आणि गाद्या शक्य तर उभ्या ठेवाव्यात, कारण फोम हे उंदरांचे आवडते घरटे आहे. उत्तर अमेरिकेतील डिअर माउस हा उंदीर हंटाव्हायरस हा माणसाच्या जिवावर बेतू शकणारा विषाणू वाहतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दहा जणांना त्याची लागण झाली आणि तिघे दगावले; त्या दहांपैकी नऊ जण करी व्हिलेज या मुक्कामाच्या जागी राहिले होते. तिथल्या तंबूवजा खोल्यांच्या दुहेरी भिंतींमधील ऊबरोधक थरात उंदरांनी घरे केली होती. म्हणून वसंतात ट्रेलर उघडल्यावर लेंड्या दिसल्या, तर झाडू किंवा व्हॅक्युम फिरवू नये. आधी दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी, मग हातमोजे घालून त्या जागी एकास दहा प्रमाणात पातळ केलेले ब्लीच फवारावे, पाच मिनिटे भिजू द्यावे आणि कागदाने पुसून घ्यावे. कुरतडलेली गादी मात्र फेकूनच द्यावी.